पट आणि पायवाट

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांच्या प्राथमिक शाळांचे भवितव्य ज्या कागदांवर ठरते, त्यांपैकी बरेचसे कागद पुणे शहरात तयार होतात. राज्याचे शिक्षण आयुक्तालय येथे आहे, अभ्यासक्रम आणि शिक्षक-प्रशिक्षण पाहणारी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद कुमठेकर रस्त्यावर आहे, पाठ्यपुस्तके तयार करणारी आणि १९६७ साली स्थापन झालेली बालभारती सेनापती बापट रस्त्यावर आहे आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षा घेणारी राज्य परीक्षा परिषदही याच शहरात आहे. या कार्यालयांकडून खडकवासल्यावरून पश्चिमेला गेले की पानशेतचे खोरे लागते, आणि पुण्याच्या नळांना येणारे पाणी धरणांच्या ज्या साखळीतून येते तिच्यातील एक मोठे धरण याच खोऱ्यात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नमुना म्हणून नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत ही दोन नावे पुढे ठेवण्यात आली.

समूह शाळा म्हणजे आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील कमी पटाच्या शाळांतील मुले वाहनाने एका मध्यवर्ती ठिकाणी आणून तेथे चालवलेली मोठी, सर्व सोयींची शाळा. आणि पट म्हणजे शाळेच्या हजेरीवर नाव असलेल्या मुलांची संख्या, जिच्यावर शिक्षकांच्या जागा, अनुदान आणि शेवटी शाळेचे अस्तित्वही अवलंबून असते. त्या वेळी शासनाने दिलेल्या आकडेवारीनुसार राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या, त्यांत १,८५,४६७ मुले शिकत होती आणि २९,७०७ शिक्षक शिकवत होते. भागाकार केला तर शाळेमागे बारा-तेरा मुले आणि शिक्षकामागे सहा मुले असे प्रमाण निघते, आणि या एका भागाकाराचा अर्थ कसा लावायचा यावरच प्राथमिक शिक्षणाच्या क्षेत्रात दोन तट पडले आहेत.

हे दोन तट पुढील संवादात दोन व्यक्तींच्या रूपाने उभे केले आहेत. एक आहेत सेवानिवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी, म्हणजे पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या हाताखाली एका बीटातील शाळांची तपासणी करणारे अधिकारी, ज्यांना शाळांमध्ये सगळे ‘साहेब’ म्हणतात. दुसऱ्या आहेत डोंगरी भागातील द्विशिक्षकी शाळेवर दीर्घकाळ काम केलेल्या शिक्षिका, ज्यांना गावाने ‘बाई’ याखेरीज दुसरे नाव ठेवलेले नाही. व्यक्ती कल्पित असल्या तरी त्यांचे युक्तिवाद कल्पित नाहीत. केंद्रातील, म्हणजे जवळजवळच्या शाळांच्या एका गटातील, शिक्षकांची दर महिन्याला भरणारी शिक्षण परिषद संपून चहा आला की ते सर्रास ऐकू येतात.

साहेबांची सुरुवात मुलांपासून होते, पैशांपासून होत नाही, आणि हे नमूद करायला हवे, कारण लहान शाळा बंद करू पाहणाऱ्यांवर केवळ काटकसरीचा आरोप करणे ही या वादातील एक आळशी सवय झाली आहे. “बाई, बारा मुलांच्या शाळेत खो-खोचा एक संघ कसाबसा उभा राहतो आणि त्याच्याविरुद्ध खेळायला दुसरा संघच नसतो,” असे ते म्हणतात. “दुसरीच्या वर्गात एकुलती एक मुलगी असली, तर तिने वाचलेले चुकले की बरोबर हे सांगायला शिक्षकाशिवाय कोणी नाही, तिच्याशी भांडायला, तिची पेन्सिल पळवायला, तिच्या आधी उत्तर देऊन तिला चिडवायला कोणी नाही, मूल मुलांकडून जे शिकते ते सगळे तिच्या वाट्याला येतच नाही. शाळेत ग्रंथालय म्हणजे कपाटातली एक पेटी, प्रयोगाचे साहित्य म्हणजे कधीतरी आलेला आणि कुलपात राहिलेला संच. शिक्षकामागे सहा मुले हे प्रमाण ऐकायला फार छान आहे, पण त्या सहांच्या चार इयत्ता असतात, आणि दोन शिक्षकांपैकी एक प्रशिक्षणाला, मतदारयादीच्या कामाला किंवा पंचायत समितीत माहिती द्यायला गेलेला असतो.”

बाई या वर्णनातील एकही तपशील नाकारत नाहीत; त्या फक्त चित्राची चौकट बदलतात. “साहेब, त्या मुलीला मोठ्या शाळेत न्यायचे म्हणजे आधी वाडीवरून डांबरी रस्त्यापर्यंत उतरवायचे,” असे त्या सांगतात. “जून ते सप्टेंबर या खोऱ्यात पाऊस कसा पडतो हे आपण दोघांनीही पाहिले आहे. ओढ्यावर साकव असेल तर बरे, नसेल तर पाणी उतरेपर्यंत थांबायचे. सकाळी धुक्यात दहा हातांवरचे दिसत नाही आणि त्याच दिवसांत आईबाप भाताच्या आवणीत कंबरभर वाकलेले असतात, त्यामुळे पोचवायला माणूस नाही. दहा वर्षांचा मुलगा ही वाट चालेल, पण सहा वर्षांची मुलगी चालणार नाही, आणि तिला एकटी पाठवणारे घर शोधून सापडणार नाही. मग ती पटावर राहील आणि शाळेत येणार नाही. कागदावर शाळाबाह्य मूल एकही नसेल, कारण तिचे नाव समूह शाळेच्या हजेरीपटावर नीट चढवलेले असेल.”

येथे साहेब नियमाचा आधार घेतात, आणि तो आधार भक्कम आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याखाली महाराष्ट्राने २०११ मध्ये स्वतःचे नियम केले. त्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असे म्हटले आहे, परंतु त्याचबरोबर सहा ते अकरा वयोगटातील किमान वीस मुले उपलब्ध असावीत अशी अटही घातली आहे. ‘वीस’ हा आकडा कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेला नाही, तो नियमातच आहे, असे साहेबांचे म्हणणे. बाईंचे उत्तर थोडक्यात असते: ती अट शाळा उघडण्यासंबंधीची आहे, चालू शाळेला टाळे लावण्यासंबंधीची नाही, आणि त्याच कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक द्यावेत असे म्हटले आहे, तेथे खालची मर्यादा घातलेली नाही. २००० नंतरच्या वर्षांत शासनानेच वाड्यावाड्यांवर वस्तीशाळा उघडल्या, म्हणजे नियमित शाळा दूर असलेल्या लहान वस्तीवर मानधनावरील स्थानिक शिक्षक नेमून चालवलेल्या शाळा, आणि पुढे त्या नियमित प्राथमिक शाळांत रूपांतरित केल्या. ज्या शाळा लहान वस्तीसाठी म्हणूनच काढल्या, त्या लहान आहेत या कारणावरून बंद करण्यात काही तरी तर्कदोष आहे, हे बाईंचे बोलणे साहेबांना लागते, कारण त्यांतील काही शाळांचे प्रस्ताव त्यांच्याच सहीने पुढे गेलेले असतात.

वादाचा खरा गाभा मात्र अंतरात नाही, वर्गात आहे. बहुवर्ग अध्यापन म्हणजे एकाच शिक्षकाने एकाच वेळी दोन किंवा अधिक इयत्तांना शिकवणे. साहेबांच्या लेखी ही नाइलाजाने स्वीकारलेली तडजोड आहे: चाळीस मिनिटांची तासिका चार इयत्तांत वाटली की प्रत्येकीच्या वाट्याला दहा मिनिटे येतात आणि उरलेली तीस मिनिटे मुले पाटीवर पाढे उतरवत बसतात. बाईंच्या लेखी ही एक स्वतंत्र अध्यापनपद्धती आहे, जी शिक्षकाला कधी शिकवलीच गेली नाही, कारण अध्यापक विद्यालयांतील पाठ टाचण, म्हणजे तासिकेचे लेखी नियोजन, एक इयत्ता आणि एक घटक गृहीत धरूनच काढले जाते.

ही पद्धती चालते कशी हे पाहण्यासाठी पहिली-दुसरीच्या जोडवर्गातील गणिताची एक तासिका पुरेशी आहे. बाई फळ्यावर मधोमध खडूने उभी रेघ मारतात. पहिलीतील मुलांपुढे आइसक्रीमच्या काड्यांचा ढीग असतो, त्यातून त्यांनी दहा-दहा काड्या मोजून रबर लावून गठ्ठे करायचे असतात. मोजण्यात चूक झाली तर ती लगेच उघडी पडते, कारण तयार झालेले गठ्ठे शेजारच्या रांगेतील दुसरीच्या मुलांकडे जातात. दुसरीपुढे फळ्याच्या उजव्या बाजूला बेचाळीस वजा सतरा हे उदाहरण असते. चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या मांडल्यावर दोनातून सात जात नाहीत हे मुलांच्या लक्षात येते, मग एका गठ्ठ्याचे रबर सोडले की सुट्ट्या बारा होतात, बारातून सात गेल्या की पाच उरतात, राहिलेल्या तीन गठ्ठ्यांतून एक काढला की दोन राहतात आणि उत्तर पंचवीस येते. एखाद्या गठ्ठ्यात नऊच काड्या निघाल्या तर दुसरीतील मुलगा पहिलीतील मुलाकडे तो परत नेऊन देतो आणि दोघे मिळून पुन्हा मोजतात. पहिलीतील मूल या सगळ्यात अजून शिकवली न गेलेली वजाबाकी आपोआप पाहत असते आणि दुसरीतील मूल गेल्या वर्षीचा दशक पुन्हा हाताळत असते. एका इयत्तेच्या वर्गात ही देवाणघेवाण घडवून आणायला वेगळी योजना करावी लागली असती.

“हे मान्य,” साहेब म्हणतात, “पण हे बाईंच्या वर्गात होते, शेजारच्या वाडीत होत नाही, आणि शासनाला धोरण दोन्ही वाड्यांसाठी करावे लागते.” हा आक्षेप टाळता येण्याजोगा नाही. चांगला शिक्षक कोणत्याही व्यवस्थेत चांगलेच शिकवतो. प्रश्न सामान्य वकुबाच्या शिक्षकाला व्यवस्था काय हात देते हा असतो. बाईंजवळ याचे उत्तर आहे, पण ते महाराष्ट्राबाहेरचे आहे. कोलंबियात १९७० च्या दशकात ‘एस्क्वेला न्वेव्हा’, म्हणजे नवी शाळा, या नावाने खेड्यातील बहुवर्ग शाळांसाठीच स्वतंत्र स्वाध्याय-पुस्तिका तयार करण्यात आल्या, ज्यांच्या आधारे मूल आपल्या गतीने पुढे जाते. आंध्र प्रदेशात ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांत याच धर्तीवर कार्डांची शिडी तयार झाली. आणि शेजारच्या कर्नाटकात १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यातून सुरू झालेली ‘नली-कली’ पद्धत पुढे राज्यभरातील सरकारी शाळांच्या खालच्या वर्गांत गेली. या तिन्ही ठिकाणी इयत्ता मिसळणे हा शाळेचा दोष न मानता अध्यापनाचे साहित्यच त्या परिस्थितीला जुळवून घेतले. महाराष्ट्रात साताऱ्याच्या कुमठे बीटाने ज्ञानरचनावादाचा, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते या विचाराचा, प्रसार केला, तेव्हा शाळांच्या फरशा आणि भिंती रंगवल्या गेल्या, राज्यभरातून शिक्षक बसगाड्या करून पाहायला गेले. पण पाठ्यपुस्तक इयत्तेचेच राहिले. राज्यातील इतक्या शाळा जोडवर्गाच्या असताना जोडवर्गाचे पुस्तक मात्र नाही, हा बाईंचा मुद्दा पुण्यातल्या पुण्यात सोडवण्यासारखा आहे, कारण पुस्तक तयार करणारी आणि प्रशिक्षण देणारी अशा दोन्ही संस्था एकाच शहरात आहेत.

संवादाला येथे एक जुने वळण मिळते, आणि ते देतात साहेब. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी पुण्यातून विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाला निवेदन सादर केले. त्यात प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे ही मागणी आहे, जी सर्वांना माहीत असते. पण त्याच निवेदनात ग्रामीण शाळेचा जो बारीक विचार आहे तो फारसा वाचला जात नाही. खेड्यातील शाळेचा अभ्यासक्रम मोठ्या गावांतील शाळेपेक्षा आटोपशीर असला तरी चालेल, पण तो व्यवहारोपयोगात उणा असू नये, त्यात मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, आरोग्य आणि शेतीची प्राथमिक माहिती असावी आणि शेतीच्या पाठांसाठी शाळेला लहानसे नमुन्याचे शेत असावे, असे त्यांनी सुचवले. साहेबांचा आवडता भाग मात्र तपासणीचा आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसाचा काही उपयोग नाही, शाळा निदान तीन महिन्यांनी एकदा तपासल्या जाव्यात आणि मधूनमधून आगाऊ सूचना न देताही भेटी व्हाव्यात, असे जोतीरावांनी लिहिले होते. डोंगरात विखुरलेल्या शाळांना अशी भेट देणे एका केंद्रप्रमुखाला, म्हणजे दहाबारा शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला, कसे शक्य आहे, आणि केंद्रप्रमुखाची जागाच रिकामी असली तर काय, असा साहेबांचा प्रश्न असतो. एकत्र आणलेली शाळा निदान पाहता तरी येते.

बाई तेच निवेदन दुसऱ्या पानावर उघडतात. शिक्षकाला किमान बारा रुपये आणि मोठ्या गावात पंधरा-वीस रुपये पगार असावा, आणि गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल किंवा मुद्रांकविक्री अशी कामे त्याच्याकडे देऊन गावगाड्यात त्याचे वजन वाढवावे, असेही जोतीरावांनी म्हटले होते. आज शिक्षक संघटना ज्या अशैक्षणिक कामांविरुद्ध मोर्चे काढतात, त्यांच्यासारखी कामे तेव्हा शिक्षकाच्या प्रतिष्ठेसाठी मागितली गेली होती, ही विसंगती वरवरची आहे, असे बाईंना वाटते. कारण जोतीरावांना शिक्षक गावात राहणारा, गावाला लागणारा माणूस हवा होता आणि आजची कामे त्याला गावाबाहेर नेणारी आहेत. २००९ च्या कायद्याचे सत्ताविसावे कलम शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावू नये असे सांगते, पण ऑनलाइन माहिती भरण्याचे काम शैक्षणिक की अशैक्षणिक हे त्या कलमात नाही. “पटावरची मुले बारा असोत की बाराशे, भरायचे तक्ते तेवढेच,” असे बाई म्हणतात, “म्हणून लहान शाळेला ते जड जातात. उपाय तक्ते कमी करण्याचा आहे, शाळा कमी करण्याचा नाही.” जोतीरावांनी आणखी एक गोष्ट लिहिली होती, जी दोघांच्याही सोयीची नाही आणि म्हणून कोणी काढत नाही: पाटील, इनामदार, सरदार यांनी भरलेल्या तेव्हाच्या स्थानिक मंडळांच्या हाती शिक्षणाचा पैसा सुरक्षित नाही, असे त्यांचे मत होते. आज शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असणे कायद्याने बंधनकारक आहे. शाळा बंद करण्याच्या प्रस्तावावर या समितीचा ठराव किती गांभीर्याने घेतला जातो, यावर दोघेही सारखेच गप्प राहतात.

पुणे जिल्ह्यातील यशस्वी शाळांची नावे या चर्चेत येणे अपरिहार्यच आहे. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेसाठी ग्रामस्थांनी जमीन दिली आणि तेथे काचेच्या भिंतींच्या वर्गखोल्या उभ्या राहिल्या. खेड तालुक्यातील जालिंदरनगरची, पटाअभावी बंद पडण्याच्या बेतात आलेली शाळा सावरली आणि २०२५ मध्ये तिने जागतिक पातळीवरील उत्कृष्ट शाळा पारितोषिकांत लोकपसंतीचा मान मिळवला. बाई ही उदाहरणे लहान शाळा जगू शकते याचा पुरावा म्हणून मांडतात. साहेबांचे उत्तर तिखट आहे: “अशा शाळेचा पट वाढतो तेव्हा ती मुले आकाशातून पडत नाहीत, ती शेजारच्या गावांच्या शाळांतून किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून येतात. इंग्रजी माध्यमातून आली तर आनंद आहे, पण शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतून आली तर एका शाळेचा सत्कार आणि दुसरीचा वीसच्या आत गेलेला पट या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. शिवाय या शाळा रस्त्याच्या, औद्योगिक पट्ट्याच्या जवळ आहेत. पानशेतच्या वरच्या वाडीत पट वाढवायला मुले आणायची कोठून?” बाई येथे माघार घेतात आणि ती योग्यच आहे, डोंगरातील शाळा ही गौरवाच्या यादीत येण्यासाठी नसते, ती तेथे असलेल्या मुलांसाठी असते.

मग साहेब आपला सर्वांत मोठा मुद्दा काढतात. त्याच पुण्याच्या दुसऱ्या टोकाला शाळांना वर्गखोल्या पुरत नाहीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये फुरसुंगी, उरुळी देवाची, धायरी, उंड्री, आंबेगाव यांसह अकरा गावे आणि ३० जून २०२१ रोजी वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, खडकवासला यांसह तेवीस गावे पुणे महानगरपालिकेत आली. त्यांतील फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०२४ मध्ये पुन्हा वेगळी काढून त्यांची नगरपरिषद करण्यात आली. या गावांच्या शाळा कालपर्यंत ग्रामीण होत्या. आज त्यांच्या वर्गात मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून बांधकामावर, गोदामांत, घरकामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले बसतात, ज्यांतील अनेकांचे जुन्या शाळेचे दाखले गावीच राहिलेले असतात. “शिक्षक डोंगरात सहा मुलांपुढे आणि मुले शहराच्या वेशीवर साठ-साठ एका खोलीत, ही व्यवस्था कोणत्या न्यायाची?” असा साहेबांचा सवाल आहे.

बाईंनी या प्रश्नाला दिलेले उत्तर संपूर्ण संवादातील सर्वांत ठोस आहे, कारण ते भावनेवर नव्हे, आस्थापनेवर, म्हणजे नेमणुकीच्या व्यवस्थेवर उभे आहे. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या, तर शहरातील शाळा नगरपालिका-महानगरपालिकांकडे राहिल्या. दोन्हींचे शिक्षक वेगळे, सेवाज्येष्ठतेच्या याद्या वेगळ्या, बदलीचे नियम वेगळे. गावे हद्दीत आल्यावर त्यांच्या शाळा आणि तेथील शिक्षक यांचे हस्तांतर कसे करायचे यावरच कागद वर्षानुवर्षे फिरत राहिले. पानशेतच्या वाडीतली शाळा बंद केल्याने मोकळा झालेला शिक्षक वाघोलीच्या महापालिका शाळेत आपोआप जात नाही. तो जिल्हा परिषदेतच अतिरिक्त ठरतो आणि समायोजनाची, म्हणजे दुसऱ्या शाळेतील रिकाम्या जागेवर बसवले जाण्याची, वाट पाहतो. साहेब हे नाकारत नाहीत, फक्त पुस्ती जोडतात की चाकण, शिक्रापूर, रांजणगाव हा गर्दीचा पट्टा अजून जिल्हा परिषदेकडेच आहे आणि तेथे जागा आहेत. हेही खरे आहे. पण मग हा प्रश्न शिक्षकांच्या वाटपाचा झाला आणि त्यासाठी सहा वर्षांच्या मुलाला डोंगर उतरवणे हा उपाय ठरत नाही.

शहराच्या अनुभवात आणखी एक धडा आहे, जो बाई जाता जाता सांगतात. १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे पुण्यात काम उभारलेल्या डोअर स्टेप स्कूल या संस्थेने बांधकामांवरील मुलांसाठी बसगाडीतच वर्ग भरवला, कारण मुले शाळेपर्यंत पोचत नव्हती. शहरात शाळा चाकांवर मुलांकडे गेली आणि डोंगरात मूल चाकांवर शाळेकडे न्यायचे ठरत आहे. दोन्हींत वाहन आहे, फक्त त्रास कोणी सोसायचा हे उलटे झाले आहे. खर्चाची बाब येथे लांबवण्याचे कारण नाही: दोन शिक्षकांच्या पगारापुढे वाहनाचा खर्च कमी दिसतो, पण शिक्षक अतिरिक्त झाला तरी त्याचा पगार थांबत नाही, आणि वाहनाची सोय कंपन्यांच्या सामाजिक निधीवर किंवा एखाद्या वर्षाच्या तरतुदीवर उभी असेल तर ती थांबते. अर्धे सत्र झाल्यावर गाडी बंद पडली तर वाडीतली शाळा पुन्हा उघडत नाही.

दोन्ही बाजू ऐकल्यावर असे दिसते की वादातील गोंधळ दोन वेगळ्या कल्पना एकाच नावाखाली वावरल्यामुळे वाढला आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळा संकुलाची कल्पना मांडली आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती पुन्हा पुढे आणली. संकुलात लहान शाळा आपापल्या जागी राहतात आणि ग्रंथालय, क्रीडासाहित्य, कला-संगीताचे शिक्षक, रजेवरील शिक्षकाच्या जागी पाठवायचा माणूस हे सर्व त्या वाटून घेतात. समूह शाळेत मुलेच एकत्र आणली जातात. साहेबांच्या तक्रारींपैकी एकटेपणा, साहित्याचा अभाव, गैरहजर शिक्षक आणि न होणारी तपासणी या बहुतेक सर्व संकुलाने दूर होण्यासारख्या आहेत. समूह शाळेने त्या दूर होतील, पण बाईंनी दाखवलेली वाट तशीच राहील. त्याच धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकसंध पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे अंगणवाडी आणि पहिली-दुसरी यांचे शिक्षण सलग असावे. अंगणवाडी वाडीत आणि पहिली मात्र गाडीने जायच्या गावात, ही मांडणी त्या धोरणाच्याही विरुद्ध जाते.

या लेखाचा कौल म्हणून बाईंच्या बाजूने झुकतो, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. पाचवीपासून पुढे, जेथे विषयशिक्षक, प्रयोग आणि समवयस्कांची संगत यांची गरज वाढते, तेथे साहेबांचे म्हणणे मान्य करणे मुलांच्या हिताचे आहे. तिसरी-चौथीचा निर्णय पावसाळ्यातील वाट पाहून, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने आणि गाडीची हमी लेखी मिळाल्यावर घ्यावा. पहिली-दुसरीचा वर्ग मात्र पट दोन असला तरी वाडीतून हलवू नये, तो अंगणवाडीला जोडावा, मध्यवर्ती शाळेचाच एक वर्ग मानावा आणि तेथील शिक्षकाची गणना त्या शाळेच्या पटातून करावी. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. बदलावे लागतात ते संचमान्यतेचे, म्हणजे पटानुसार शाळेला शिक्षकांच्या किती जागा मंजूर करायच्या याचे निकष, आणि ते शासन निर्णयाने ठरतात. १५ मार्च २०२४ रोजी असाच एक शासन निर्णय काढून हे निकष बदलण्यात आले होते.